शिंगाच्या मुठीचे जुने चाकू : संग्रह आणि कसरीपासून राखण

जुन्या चाकूसुऱ्या जमवणाऱ्या बहुतेकांचे लक्ष पात्यावर असते. पात्यावरचा गंज चटकन दिसतो, म्हणून आपण पाते पुसतो, त्याला तेल लावतो आणि वस्तू मऊ कापडात गुंडाळून कपाटात ठेवून देतो. माझ्याकडच्या, म्हशीच्या शिंगाची मूठ असलेल्या एका कुकरीच्या बाबतीत मीही नेमके हेच केले होते. जुन्या लोकरी मफलरच्या तुकड्यात गुंडाळून ती पावसाळ्याच्या तोंडावर ठेवली आणि दिवाळीच्या आवराआवरीत बाहेर काढली, तेव्हा पाते ठेवले तसेच लखलखीत होते. मुठीवर मात्र कुणी बारीक गोल पटाशीने कोरल्यासारखे वेडेवाकडे खळगे पडले होते आणि मफलरच्या घडीत वाळूसारखे कण व केसाळ अळ्यांच्या रिकाम्या काती पडलेल्या होत्या. मुठीचा तो भाग पुन्हा मिळण्यासारखा नव्हता. पाते गंजले तर अनेकदा सावरता येते, पण शिंग खाल्ले गेले की गेले. म्हणून या प्रकारच्या वस्तू जमवताना खरी राखण मुठीची करावी लागते, आणि कीड पुष्कळदा आपण मायेने भोवती ठेवलेल्या लोकरीतून, चामड्यातून आणि नमद्यातूनच (दाबून केलेल्या जाड लोकरी कापडातूनच) येते, हे आधी लक्षात घ्यावे.

मुळात शिंग म्हणजे काय, हे नीट समजले तर पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. मराठीत आपण म्हशीच्या, बोकडाच्या, सांबराच्या आणि हरणाच्या डोक्यावरच्या सगळ्यांनाच शिंग म्हणतो, पण त्यांत दोन अगदी वेगळे पदार्थ आहेत. म्हैस, गाय, मेंढी, बोकड, गवा आणि काळवीट यांच्या शिंगात आतल्या हाडावर केराटिनचे कवच चढलेले असते. आपली नखे, केस आणि लोकर ज्या प्रथिनाची बनतात तेच हे प्रथिन. सांबराचे किंवा चितळाचे शिंग मात्र सगळे हाडच असते आणि ते ठरावीक काळाने गळून पुन्हा उगवते. लोकर खाणारे किडे केराटिन पचवू शकतात. त्यामुळे म्हशीच्या शिंगाची मूठ त्यांना लोकरीइतकीच चालते, पण सांबरशिंगाच्या किंवा हाडाच्या मुठीला ते सहसा तोंड लावत नाहीत. कासवाच्या पाठीच्या कवचाच्या मुठी असतात, त्याही केराटिनच्याच असल्याने धोक्याच्या यादीत येतात.

म्हशीच्या शिंगाचा टोकाकडचा भाग भरीव असतो. कुकरीची मूठ साधारणपणे अशा भरीव भागातून कोरलेली असते. शिंगाचा बुडाकडचा पोकळ भाग उकळत्या पाण्यात किंवा आगीच्या धगीवर मऊ करून, उभा चिरून, दाबून सपाट करतात आणि त्याच्या पट्ट्या घडीच्या चाकूंना व न्हाव्याच्या वस्तऱ्यांना लावतात. अशी दाबून सपाट केलेली पट्टी उष्णता किंवा ओल मिळाली की आपल्या मूळ गोलाईकडे वळू पाहते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत राहिलेल्या किंवा पाण्यात बुडवून धुतलेल्या चाकूच्या पट्ट्या रिव्हेटपाशी, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या खिळ्यापाशी, उचलल्या जातात आणि तडकतात, त्याचे कारण हेच आहे. त्या उचललेल्या फटीत मळ साचतो आणि अळीला लपायला जागाही मिळते.

महाराष्ट्रात अशा वस्तू मुख्यतः दोन वाटांनी हाती येतात. फौजी नोकरीतून किंवा नेपाळ-दार्जिलिंगकडून आलेल्या कुकऱ्या ही एक वाट, आणि इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात बनलेले घडीचे चाकू, टेबलावरच्या सुऱ्या व वस्तरे ही दुसरी. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार येथे दोन्ही पाहायला मिळतात. शेफील्डच्या कारखान्यांना मुठींसाठी म्हशींची शिंगे आणि सांबरांची गळालेली शिंगे भारतातून मोठ्या प्रमाणावर जात असत, त्यामुळे विलायती शिक्का असलेल्या चाकूची मूठ आपल्याकडच्याच जनावराची असण्याचा संभव पुष्कळ असतो. मला स्वतःला या वस्तूंविषयी जो जिव्हाळा वाटतो, त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

शेफील्डच्या मालाचे वय ठरवायला पात्याच्या बुडाशी असलेला शिक्का उपयोगी पडतो. जोसेफ रॉजर्स या प्रसिद्ध कारखान्याच्या मालावर तारा आणि माल्टी क्रूस असतो. मुकुटासोबत व्ही आणि आर ही अक्षरे असतील तर ती व्हिक्टोरिया राणीच्या, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळाकडे बोट दाखवतात. परंतु जुने शिक्के पुढेही वापरले जात असल्याने एवढ्यावर निकाल देऊ नये. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर उत्पादक देशाचे नाव बंधनकारक झाले, त्यामुळे नुसते शहराचे नाव नसून ‘इंग्लंड’ असेही कोरलेले असेल, तर तो चाकू बहुधा त्यानंतरचा असतो. पात्यावर ‘स्टेनलेस’ हा शब्द असेल तर तो निश्चितपणे १९१३ नंतरचा, कारण हॅरी ब्रिअर्लीने शेफील्डमध्ये त्या वर्षी हे पोलाद प्रथम तयार केले.

मूठ खरी शिंगाची आहे की नाही, हे पाहण्यासाठी तापलेली सुई टोचण्याची जुनी रीत आहे, ती कृपया कधीही वापरू नये. तिने वस्तूला कायमचा डाग पडतो, आणि मूठ सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची निघाली तर ती भसकन पेट घेते. त्याऐवजी १० पट मोठे दाखवणारे भिंग आणि एक लहान टॉर्च जवळ ठेवावी. शिंगाच्या कडेवर मागून प्रकाश टाकला की पातळ भागातून मधासारखा किंवा तपकिरी उजेड झिरपताना दिसतो आणि एकाच दिशेने जाणाऱ्या रेषांचे थर उठून दिसतात. गडद काळ्या शिंगात हा उजेड फार थोडा दिसतो, तेथे रेषाच शोधाव्यात. हाडावर बारीक काळपट ठिपके किंवा तुटक रेघा असतात, त्या म्हणजे रक्तवाहिन्यांच्या जागा. प्लास्टिकच्या मुठीचा रंग सगळीकडे सारखा असतो आणि पुष्कळदा कडेने साच्याची शिवण गेलेली असते. शिंगाला उष्णता देऊन सांबरशिंगासारखे खडबडीत ठसे उठवण्याची पद्धतही शेफील्डमध्ये होती, तेव्हा वरच्या खरखरीतपणावर न जाता कडेचे थर पाहावेत. मुठीवर किड्यांनी खाल्ल्याच्या जुन्या खुणा असतील तर ती केराटिनची असल्याचा तो चांगला पुरावा मानता येतो, कारण सेल्युलॉइड किंवा बेकेलाइट या अळ्या खात नाहीत. मात्र त्या खुणांवरून वस्तू जुनी आहे असे समजू नये, आणि विक्रेता तसे सांगत असल्यास भाव वाढवून देऊ नये. अनुकूल हवेत अळ्या काही महिन्यांतच नव्या मुठीचीही तीच दशा करतात.

खरेदीआधी कायद्याच्या तीन बाजू पाहाव्यात. पहिली, शस्त्र नियमांमध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या आणि कुकऱ्यांचा उल्लेख आहे. घरगुती किंवा शेतीकामाची अवजारे त्यातून वगळली आहेत. परवान्याची गरज सरकारने अधिसूचित केलेल्या भागांनुसार ठरत असल्याने आपल्या भागातली स्थिती पोलीस ठाण्यात विचारून घ्यावी. दुसरी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे गवा, काळवीट, सांबर यांच्या शिंगांचा आणि हस्तिदंताचा व्यापार हा गंभीर विषय झाला आहे. कोकणात गव्याच्या शिंगाच्या वस्तू घडवण्याची जुनी कारागिरी होती, त्यामुळे ‘आजोबांच्या काळची गवाशिंगी मूठ’ म्हणून समोर आलेली वस्तू कितीही सुंदर असली तरी घेऊ नये. पाळीव म्हशीच्या शिंगाला ही अडचण नाही. तिसरी बाजू परदेशी राहणाऱ्यांसाठी महत्त्वाची आहे. १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्याच पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

आता किड्यांकडे वळू. घरात आपण ज्यांना सरसकट कसर म्हणतो त्यांत शिंगाला धोका असलेले दोन गट आहेत. एक गट डर्मेस्टिड कुळातल्या भुंगेऱ्यांचा, ज्यांना इंग्रजीवरून कार्पेट बीटल म्हणतात, आणि दुसरा लोकर खाणाऱ्या लहान पतंगांचा. प्रौढ कार्पेट बीटल जेमतेम २ ते ४ मिलिमीटर लांबीचा, गोलसर आणि ठिपकेदार असतो. तो फुलांतले परागकण खातो आणि उजेडाकडे ओढला जात असल्याने खिडकीच्या कट्ट्यावर मेलेला सापडतो. खिडकीत असे दोन-तीन भुंगेरे दिसले, तर घरात कुठेतरी त्यांच्या अळ्या वाढत आहेत असे समजून शोध सुरू करावा. नुकसान करते ती केसाळ, तपकिरी पट्ट्यांची अळी. तिला अंधार आवडतो, ती अनेकदा कात टाकते, आणि अन्न व उष्णता यांनुसार तिची वाढ काही महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षापर्यंत चालते. लोकरीचा पतंग फिकट सोनेरी रंगाचा, उजेड टाळणारा असतो आणि त्याच्या अळ्या रेशमाचे जाळे किंवा लहान नळीसारखे घर विणतात. शिंगावर रेशमाचे धागे दिसले तर काम पतंगाचे, आणि नुसत्या काती व कोरडे कण दिसले तर बहुधा भुंगेऱ्याचे, असा साधारण फरक करता येतो.

या अळ्यांना स्वच्छ केराटिनपेक्षा घाम, तेल आणि अन्नाचे अंश लागलेले केराटिन अधिक मानवते, कारण त्यातून त्यांना क्षार आणि जीवनसत्त्वे मिळतात. हाताळून हाताळून मेणचटलेली मूठ लवकर खाल्ली जाते ती यामुळेच. किड्यांचे मूळ ठाणे तर अनेकदा संग्रहापासून दूर असते. वातानुकूलन यंत्रामागचे कबुतराचे घरटे, कपाटामागे मेलेली पाल किंवा झुरळे, जुना गालिचा, हार्मोनियममधला नमदा, देवघरातले लोकरी आसन अशा ठिकाणी त्यांची पैदास होते आणि तेथून ते पसरतात. घरटे काढल्याशिवाय चाकूंवर केलेला कोणताही उपाय टिकत नाही, असा माझा ठाम अनुभव आहे.

नवी वस्तू घरी आली की ती थेट संग्रहात ठेवू नये. पारदर्शक झिप पिशवीत पांढऱ्या कागदावर ती ठेवावी, पिशवी बंद करावी आणि वर तारीख लिहावी. दर आठवड्याला कागदावर नवे कण, कात किंवा अळी दिसते का ते पाहावे. माझ्या मते हा एकांतवास किमान दोन महिन्यांचा असावा, आणि वस्तू थंडीच्या दिवसांत आणली असेल तर उन्हाळा लागेपर्यंत ठेवावा, कारण थंडीत अळीची हालचाल मंदावते आणि कण दिसत नाहीत. कुकरीच्या बाबतीत एक जागा हमखास विसरली जाते. तिच्या म्यानाच्या मागच्या बाजूला कर्दा ही लहान सुरी आणि चकमक हे धार लावण्याचे बोथट साधन यांचे खिसे असतात. त्यांच्याही मुठी पुष्कळदा शिंगाच्याच असतात आणि खिसा चामड्याचा, म्हणजे अळीला आवडणाऱ्या दोन गोष्टी एकाच अंधाऱ्या जागी. ही दोन्ही बाहेर काढून खिशात टॉर्चचा उजेड टाकावा आणि म्यान उलटे करून कागदावर हलकेच ठोकावे. म्यानाच्या लाकडातून पिठासारखी पूड पडली तर तो लाकूड खाणारा वेगळा भुंगा असतो आणि त्यासाठी म्यान वेगळे काढून त्यावर स्वतंत्र उपचार करावे लागतात.

जिवंत कीड आढळली तर ती मारण्याचे घरी करता येण्यासारखे दोन मार्ग आहेत, आणि दोन्हींत कोणतेही विष वापरावे लागत नाही. पहिला गोठवण्याचा. वस्तुसंग्रहालये साधारण उणे ३० अंश सेल्सियसला ३ दिवस वस्तू ठेवतात. घरातल्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंशच मिळत असल्याने तेथे पूर्ण २ आठवडे द्यावे लागतात. वस्तू आधी आम्लरहित टिश्यू कागदात गुंडाळावी, जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालून शक्य तितकी हवा काढावी आणि चिकटपट्टीने पिशवी पक्की बंद करावी. मुदत संपल्यावर ती बाहेर काढून बंद स्थितीतच २४ तास खोलीत राहू द्यावी. घाईने पिशवी उघडली तर हवेतली वाफ थंड पात्यावर दव होऊन बसते आणि एका रात्रीत गंज धरतो.

परंतु गोठवणे प्रत्येक वस्तूला मानवत नाही. ज्या मुठीत शिंगासोबत हस्तिदंत, शिंपला किंवा पितळेची घट्ट कडी आहे, जिला आधीच तडा आहे, किंवा जिच्यात पात्याची शेपटी (मुठीत शिरणारा भाग) लाखेने बसवलेली आहे, तिच्यातले पदार्थ थंडीत वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात आणि लाख ठिसूळ होते. उष्णतेचा उपाय तर अशा मुठीला त्याहून वाईट, कारण लाख मऊ होऊन पाते हलू लागते. अशा वेळी दुसरा मार्ग, म्हणजे प्राणवायू काढून घेण्याचा, अधिक सुरक्षित ठरतो. अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेल्या, हवा न झिरपणाऱ्या फिल्मच्या पिशवीत वस्तू आणि पुरेशा संख्येने प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या ठेवून पिशवी उष्णतेने सीलबंद करतात. आतला प्राणवायू ०.३ टक्क्यांच्या खाली आणून २५ अंशांहून अधिक तापमानात ३ ते ४ आठवडे ठेवला तर अंड्यांसह कीड मरते. पिशवीत प्राणवायू दाखवणारी रंग बदलणारी गोळी जरूर ठेवावी, नाहीतर पिशवी गळते आहे हे कळत नाही. लोखंडाच्या भुकटीच्या पुड्यांना काम करताना थोडी उष्णता आणि ओल सुटते, म्हणून त्या पात्याला किंवा मुठीला टेकवू नयेत. वस्तू फार मोलाची असेल तर स्वतः प्रयोग न करता व्यावसायिक संवर्धकाकडे जावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे कला-संवर्धन केंद्र आहे.

डांबराच्या गोळ्यांची सवय मात्र सोडावी. त्यांची वाफ माणसाला अपायकारक आहे, ती सेल्युलॉइडसारख्या पदार्थांवर परिणाम करते, आणि उघडझाप होणाऱ्या कपाटात अळी मरण्याइतकी दाट कधी होतच नाही. वेखंड आणि कडुलिंबाचा पाला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कपड्यांत व पोथ्यांत ठेवला जातो. त्यांच्या वासाने कीड काही प्रमाणात दूर राहत असेलही, पण आत शिरलेली अळी त्याने मरत नाही, आणि अर्धवट वाळलेला पाला बंद डब्यात ओल सोडून पाते गंजवतो. ठेवायचेच असेल तर पूर्ण सुकवलेले वेखंड सुती पुरचुंडीत बांधून डब्याबाहेर, कपाटाच्या कप्प्यात ठेवावे. फवाऱ्याचे कीटकनाशक मुठीवर कधीही मारू नये, त्यातल्या द्रावकाने शिंगाची झिलई जाते.

साठवणीत सर्वांत अवघड प्रश्न आर्द्रतेचा आहे, कारण एकाच वस्तूत दोन विरोधी स्वभावाचे पदार्थ आहेत. पोलादाला हवा जितकी कोरडी तितकी बरी, पण ४० टक्क्यांच्या खाली शिंग आक्रसते आणि त्याचे थर सुटू लागतात. ६५ टक्क्यांच्या वर बुरशी आणि गंज दोन्ही येतात. ४५ ते ५० टक्के ही दोघांना सोसणारी मधली जागा आहे. कोकणात पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे जात असल्याने उघड्या कपाटात हे शक्य नाही. पॉलिप्रॉपिलीनचा रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात एक लहान आर्द्रतामापक आणि सिलिका जेल, एवढ्याने काम भागते. जेल एकदम भरपूर टाकून डबा वाळवंटासारखा कोरडा करू नये. मापकाकडे पाहत ते थोडे थोडे वाढवावे आणि आर्द्रतेत अचानक चढउतार होऊ देऊ नयेत. डब्यात अस्तर म्हणून लोकरी नमदा किंवा मखमल न घालता पॉलिथिलीनचा मऊ फोम आणि धुतलेले, खळ काढलेले सुती कापड वापरावे. चाकू म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते, पितळ हिरवे पडते आणि कीडही तेथेच वसते, म्हणून म्यान वेगळ्या पिशवीत ठेवावे. सेल्युलॉइडच्या मुठी शिंगाच्या शेजारी ठेवू नयेत, कारण त्या जुन्या होऊन विघटित होताना आम्लाची वाफ सोडतात आणि शेजारची पाती गंजतात.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास, सगळा संग्रह बाहेर काढून पाहावा. मूठ स्वच्छ करताना कापसाचा बोळा किंचित ओला करून, त्यावर सौम्य साबणाचा एखादा थेंब घेऊन मळ उचलावा, लगेच साध्या ओल्या बोळ्याने पुसावे आणि कोरड्या कापडाने टिपून घ्यावे. रिव्हेटभोवतीचा मळ लाकडी काडीने काढावा. त्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. ब्रिटिश म्युझियममध्ये विकसित झालेले रेनेसाँ वॅक्स याच जातीचे असून ते पात्यालाही चालते. खोबरेल किंवा जवसाचे तेल मुठीला लावण्याची रीत सर्वत्र आहे, तिने शिंग काही दिवस चमकते. पण ते तेल पुढे चिकट व खवट होते, धूळ धरते आणि अळीच्या जेवणात भर घालते, म्हणून मी त्याच्या विरुद्ध आहे. पाते चिंच-लिंबाने घासू नये. विशेषतः जव्हारदार, म्हणजे अंगचीच लहरदार नक्षी असलेल्या, पोलादाचे पाते असेल तर त्यावरच्या नक्षीची कायमची हानी होते.

खाल्ल्या गेलेल्या मुठीचे काय करावे, हा प्रश्न मला वारंवार पडला आहे. घासून सपाट करण्याचा मोह होतो, पण त्याने मुठीचा मूळ आकार, कारागिराच्या कानशीच्या खुणा आणि हाताच्या वापराने आलेली झिलई एकदम नाहीशी होते. कीड पूर्ण मेल्याची खात्री झाल्यावर खळगे मऊ ब्रशने साफ करून तसेच ठेवणे हे सर्वांत उत्तम. खळगा खोल असेल आणि त्यामुळे पट्टी तुटण्याची भीती असेल, तर रंग मिसळलेले मेण किंवा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेले पॅरालॉइड बी-७२ (संवर्धक वापरतात ते पारदर्शक राळेसारखे द्रव्य) भरावे, कारण हे दोन्ही पदार्थ पुढे काढून टाकता येतात. मात्र मूठ सेल्युलॉइडची नाही याची खात्री आधी करून घ्यावी, कारण अ‍ॅसिटोनने सेल्युलॉइड विरघळते. एपॉक्सी भरू नये, ते निघत नाही. भरण्याआधी प्रत्येक खळग्याचे शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि तारखेसह नोंदवहीत चिकटवावे. पुढच्या तपासणीत एखादा खळगा त्या छायाचित्रात नसेल तर तो नवा आहे, आणि तो चाकू त्याच दिवशी पुन्हा पांढरा कागद घातलेल्या झिप पिशवीत गेला पाहिजे.